हातचा

रविवारी चर्च सुटलं की
आम्ही तिसरीच्या वर्गात जमतो.
बाकं लहान, गुडघे हनुवटीला टेकतात.
फळ्यावर शुक्रवारच्या पोरांची बेरीज:
सत्तेचाळीस अधिक अडतीस, पंचाहत्तर.
कुणीतरी हातचा विसरलंय.
पुसायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं,
म्हणून आमचा धडा तिच्या कडेकडेने.

मी केरुबो. नैवाशाच्या काठी, काचघरांच्या मागच्या शेडमध्ये
गुलाबांची प्रतवारी करते.
चाळीस सेंटिमीटर, पन्नास, साठ.
आठ वर्षांत वास घ्यायचा म्हणून
एकदाही घेतला नाही.

त्या रविवारी वीट्स्के आली,
हॉलंडच्या लिलावघरातली, त्यांच्या युनियनची.
उंची एवढी की बाकात मावेना,
सरळ फरशीवर बसली.
ती इंग्रजीत बोले, बरासा त्याचं स्वाहिली करी,
मोरा तेच आईच्या कानात एकेगुसीत सांगे.
एक विनोद तीन उंबरे ओलांडेस्तोवर
पुढच्या बाकांवरचं हसू विरलेलं असे
आणि मागे नव्याने फुटे.

पगाराच्या पावत्या शेजारीशेजारी ठेवल्या.
फार वेळ कुणी पाहिलं नाही.
मग ती म्हणाली, हात दाखवा.

अंगठ्याच्या कडेला तेच ओरखडे.
मनगटावर, हातमोजा संपतो तिथे,
तसंच लाल पुरळ.

धडा होता: फवारणीनंतर आत कधी जावं.
पुस्तिकेत छापलंय, चोवीस तास.
आमचा मुकादम दोन तासांनी शिट्टी वाजवतो,
पानं अजून ठिबकत असतात.
वीट्स्के म्हणाली, खोकं उघडलं की आमचे डोळे चुरचुरतात,
साहेब म्हणतात, फुलांचा वास आहे तो.

मोराची आई कधी बोलत नाही.
ती म्हणाली, 'मग आपला साहेब एकच आहे की काय?'
तिन्ही उंबरे उलटे ओलांडून हे गेलं,
आणि या वेळी कुणीच हसलं नाही.

ठराव वगैरे झाला नाही.
चहा झाला, फोटो झाला,
निघताना तिची चप्पल तुटली, ती मोराच्या भावाने शिवून दिली.

सोमवारी मी पेन्सिलीचा तुकडा केसांत खोचून नेला.
खोक्याच्या झाकणाला, आतून, कोपऱ्यात:
६. ८.
सहाला फवारणी, आठला तोडणी.
आकड्यांना दुभाषा लागत नाही.
फोनवरचा फोटो कुठलाही असू शकतो, म्हणतील साहेब.
खोक्यावर त्यांचाच शिक्का असतो.

खोकी परत येत नाहीत.
विमानात चढतात ती चढतात.
अकरा आठवडे मी त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत आकडे लिहिले,
कधी ५-७, कधी ६-८,
एकदा नुसतंच मोराच्या आईचं नाव,
ती चक्कर येऊन पडली त्या दिवशी.

बाराव्या आठवड्यात बरासाच्या फोनवर चित्र आलं.
पहाट, मोठा पांढरा दिवा,
एकेचाळीस खोकी, न उघडलेली,
आणि भोवती बायका-पुरुष, हाताची घडी घालून.
वीट्स्के कडेला, डोकं चित्राबाहेर गेलेलं.

पुढच्या गुरुवारी आठ वाजले. शिट्टी नाही.
आम्ही काचघराच्या दारात उभ्या.
नऊ. दहा.
सरोवराकडून पाणघोड्याचा आवाज आला,
तो रोजच येत असणार.
हाताला काम नसलं की हात किती जड होतात!
कुणीतरी हळूच विचारलं,
या तासांचे पैसे कापतील का?

तो रविवारचा धडा.
बरासाला उत्तर माहीत नव्हतं,
पुस्तिकेतही नव्हतं,
वीट्स्केला कळवू म्हणाला.

आम्ही गप्प बसलो होतो तेवढ्यात
मोराची आई उठली,
बाईंनी पुसू नका म्हटलं होतं, लिहू नका नव्हतं म्हटलं.
पोरांच्या नव्या बेरजेतही तीच चूक होती.
तिने खडू घेतला
आणि दहांच्या घरावर, अगदी बारीक,
एक लिहिला.